भाकरीएवढी जागा

हरीण मारून आलेल्या माणसाला अण्णा एकच प्रश्न विचारतात. शिंगांना किती फाटे होते, वजन किती भरलं, किती लांबून मारलंस, यांतलं काहीच त्यांना नको असतं. मी दारात बूट काढत असते आणि आतून आवाज येतो, "किती पळालं?"

गोळी लागल्यापासून पडेपर्यंत जनावर किती पावलं गेलं, एवढंच त्यांना हवं असतं. पहिल्या वर्षी मला उत्तर देता आलं नव्हतं, कारण मी मोजलंच नव्हतं. त्यांनी मला परत पाठवलं. अंधार पडायला आला होता, बर्फ भुरभुरत होता, तरी टॉर्च घेऊन गेले आणि मोजून आले. ६० पावलं. "ठीक," ते म्हणाले, आणि मग कॉफी ओतली.

अण्णा हे त्यांचं नाव नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागात त्यांची शेती आणि जुना गोठा आहे, वय ऐंशीच्या पुढे. बोलायच्या आधी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून जरा थांबायची त्यांची सवय थेट माझ्या थोरल्या चुलत्यांची, म्हणून आमच्या घरात त्यांचा उल्लेख अण्णा असाच होतो. हिमयुगात आजूबाजूचा सगळा मुलूख हिमनद्यांनी रगडून सपाट केला, हा पट्टा तेवढा सुटला. त्यामुळे इथे टेकड्या आहेत, घळी आहेत, ओढे आहेत, उतारांवर ओकची झाडी आणि खाली मक्याची शेतं. पन्हाळ्याच्या पायथ्याला वाढलेल्या मला हा मुलूख पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला. मक्यावर आणि ओकच्या फळांवर पोसलेली पांढऱ्या शेपटीची हरणं इथे उदंड आहेत. लांडगे या दक्षिण भागातून केव्हाच संपले. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, बंदुकीचा ९ दिवसांचा हंगाम उघडतो आणि राज्यभर ५ लाखांहून जास्त माणसं भडक केशरी जाकिटं घालून रानात शिरतात. त्यांत गेली नऊ वर्षं मीही असते.

मी मटण खाऊन वाढले. रविवारी दुकानाबाहेर वडिलांचा हात धरून उभी राहायची आणि गिऱ्हाइकांची बोली ऐकायची: फरा द्या, मांडीचं द्या, दोन नळ्या घाला, चापं घाला, वजडी वेगळी बांधा. पुढे बंदूक हातात आली तेव्हा तिचीही नळी आणि तिचाही चाप निघाला, आणि ते शब्द उच्चारताना दर वेळी मला त्या दुकानाचा ओला कडप्पा आठवतो. गावच्या जत्रेचा बोकड आजोबा स्वतः कापायचे. आधी त्याला पाणी दाखवायचे, इतर बोकडांपासून लांब न्यायचे, सुरी अंगठ्याच्या नखावर लावून बघायचे. एकदा शेजारच्या पोराने घाईने हात पुढे केला तेव्हा ते त्याच्यावर असे कडाडले की सगळी पंगत गप्प झाली. "धार नसंल तर जनावराला हात लावायचा न्हाई." मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्या वाक्याचं वजन मला चाळिशीनंतर, परदेशात, एका मचाणावर कळलं.

इथे १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला एकट्याने शिकारीला जायचं तर आधी सुरक्षेचा वर्ग पुरा करावा लागतो. माझ्या वर्गात बहुतेक दहा-बारा वर्षांची मुलं होती आणि ती माझ्यापेक्षा मन लावून ऐकत होती. शिकवणाऱ्या बाईंनी टेबलावर प्लास्टिकचं हरीण ठेवलं, त्याच्या कुशीची झडप उघडली आणि आतले रंगीत अवयव एकेक करून बाहेर काढले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हरणाचं हृदय आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच खाली असतं. पुढच्या दोन पायांच्या मधे, कोपराच्या थोडंसं वर, जवळजवळ छातीच्या तळाशी. त्याच्या वर आणि मागे दोन्ही फुप्फुसं, बरगड्यांच्या पिंजऱ्याचा पुढचा भाग भरून. त्यामागे पातळ पडदा. पडद्याला टेकून काळीज. आपण 'काळजाला लागलं' म्हणतो तेव्हा आपल्या मनात हृदय असतं, पण खाटकाचं काळीज म्हणजे यकृत, आणि शिकाऱ्याने खाटकाचीच भाषा धरावी. कारण काळजाला गोळी लागलेलं हरीण मरतं खरं, पण वेळ लावून मरतं. त्याच्याही मागे कोथळा, गाईम्हशींसारखाच चार कप्प्यांचा, डावी कूस जवळपास सगळी व्यापलेला. तिथे लागलेली गोळी तर फार वेळ घेते. त्याबद्दल पुढे.

हृदय आणि दोन्ही फुप्फुसं मिळून बाजूने जी जागा दिसते ती साधारण ८-९ इंचांची. इथले लोक सरावाला जेवणाची कागदी ताटली लावतात, कारण ती तेवढीच असते. मला ती पहिल्यापासून भाकरी दिसली. आईच्या हातची, तव्यावर मावणारी, मध्यम भाकरी. ज्या अंतरावरून, ज्या बैठकीतून, थंडीने आखडलेल्या बोटांनी तुमची प्रत्येक गोळी त्या भाकरीत पडते, ते तुमचं अंतर. रायफल ३०० यार्डांवर मारू शकते की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. माझं अंतर ८० यार्ड आहे. गॅरेजमधल्या गप्पांत तो आकडा ऐकून लोक सौजन्याने विषय बदलतात.

हरीण अगदी आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर वर न्यायची आणि अंगाच्या उंचीच्या खालून साधारण तिसऱ्या हिश्शावर थांबायचं. तिथे गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार जाते. हरीण उसळतं, धावतं, पण ते आधीच संपलेलं असतं. रक्तदाब कोसळतो, मेंदूला रक्त पोचत नाही, काही सेकंदांत पाय मुडपतात. नेम थोडा खाली गेला तर हृदय आहे, थोडा वर गेला तरी फुप्फुसच आहे, आणि ही सवलत दुसऱ्या कुठल्याच जागेला नाही. डोक्यात मारलं तर जागच्या जागी पडतं असं सांगणारे भेटतात. पण मेंदू लहान, डोकं कधी स्थिर नाही. दोन-तीन इंच चुकलं की जबडा उडतो, आणि जबडा उडालेलं हरीण पळून जातं, चरू शकत नाही, पाणी पिऊ शकत नाही. मानेचंही तसंच. मानेत लागण्यासारखं थोडं आहे आणि चुकण्यासारखं पुष्कळ. जे लोक 'मांस वाया जात नाही' म्हणून मानेवर मारतात त्यांचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

हरीण तिरपं, तुमच्यापासून दूर जाण्याच्या बेतात उभं असेल तर गोळी मागच्या बरगड्यांतून आत शिरून पलीकडच्या फऱ्याकडे जायला हवी. म्हणून नेम अलीकडच्या कातड्यावर धरायचाच नाही. पलीकडचा पुढचा पाय शोधायचा आणि त्याच्याकडे गोळी पाठवायची. मचाणावरून तर हे आणखी जपायचं, कारण गोळी वरून खाली जाते. अलीकडे बरोबर लागलेली गोळी पलीकडे एकच फुप्फुस गाठून पोटातून बाहेर पडू शकते, आणि एका फुप्फुसावर हरीण खूप दूर जातं. अण्णा म्हणायचे, "गोळी कुठे शिरते ते बघू नकोस, कुठे निघते ते बघ." तोंड तुमच्याकडे असेल, पाठ तुमच्याकडे असेल, चालत असेल, दुसऱ्या हरणाच्या पुढे उभं असेल, टेकडीच्या माथ्यावर मागे नुसतं आभाळ असेल, तर थांबायचं.

मागे काय आहे, याची वर्गात फार तालीम झाली. निशाणा नक्की काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री असल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. मुलं एका सुरात म्हणत होती आणि मला श्रावणबाळ आठवत होता. लहानपणी मी त्या गोष्टीत श्रावणासाठी आणि त्याच्या आंधळ्या आईबापांसाठी रडायचे. त्या दिवशी पहिल्यांदा दशरथाकडे बघितलं. शब्दवेधी तो, त्याचा बाण चुकला नव्हता. अंधारात घागर बुडबुडली, त्याला जनावर पाणी पितंय असं वाटलं, आणि बाण जिथे पाठवला तिथेच लागला. त्याने पाहिलं नव्हतं, एवढंच.

चार वर्षांपूर्वी माझ्या हातून जे झालं ते मात्र मी पाहत असताना झालं.

हंगामाचा दुसरा दिवस, रविवार, दुपारचे चार वाजून गेलेले. उजेड संपायला थोडाच वेळ. घळीच्या तोंडाशी एक प्रौढ मादी आली, एकटी, आडवी. ७५ यार्ड. मी दुर्बिणीतली फुली पायामागे आणली, श्वास सोडला, चाप दाबायला घेतला. तिने मान खाली घातली होती. ती पुढे चालणार हे मानेवरून कळतं, आणि मला कळलंही होतं. चाप अर्धा आला होता आणि मी तो पुरा केला. तिने पाऊल टाकलं.

फुप्फुसाला लागलेलं हरीण उसळी मारतं. ही मधेच वाकली. पाठीची कमान झाली, शेपटी दोन पायांत गेली, आणि ती चालायला लागली. धावली नाही. पोट दुखणारं माणूस चालतं तशी, थांबत थांबत, झुडपात गेली. दुसरी गोळी मारायला मोकळी जागाच मिळाली नाही.

अर्ध्या तासाने खाली उतरले. ती उभी होती तिथे बर्फावर रक्त नव्हतंच म्हणा ना. पांढऱ्या, जाड केसांचा एक पुंजका होता, पोटाकडचे केस असतात तसे, आणि हिरवट-तपकिरी शितोडे. मी गुडघ्यावर बसून वास घेतला. रवंथाचा आंबूस वास. आमच्या गोठ्यात संध्याकाळी म्हशी बसल्या की जो यायचा तोच, अगदी तोच. फुप्फुसाचं रक्त गुलाबी असतं, त्याला फेस असतो, बुडबुडे असतात. मी बराच वेळ टॉर्च फिरवून त्या गुलाबी रंगाचा एखादा ठिपका शोधत राहिले.

अण्णा तेव्हा चालू शकत होते. ते आले, वाकले, बोटाने शितोडा उचलून पाहिला. "चल घरी," म्हणाले. मला तिच्या मागे जायचं होतं, लगेच, रात्रभर लागली तरी. त्यांनी माझ्या दंडाला धरलं. कोथळ्यात गोळी लागलेलं हरीण पहिल्या झाडीत जाऊन बसतं. कुणी मागे आलं नाही तर तिथेच पडून राहतं. मागे गेलात तर उठतं, आणि दुखणं घेऊन मैलभर जातं, आणि मग कुणालाच सापडत नाही. म्हणून कमीत कमी सहा-आठ तास आत पाय टाकायचा नाही. तिला शांतपणे मरू देणं एवढंच आता हातात होतं, आणि त्यासाठी मला स्वयंपाकघरात बसून राहायचं होतं.

रात्री दीडच्या सुमाराला बाहेर येऊन उभी राहिले. शून्याखाली आठ. दूर कोयोटी केकाटत होते, आमच्याकडच्या कोल्हेकुईपेक्षा जास्त चिरका आवाज. आभाळ स्वच्छ होतं आणि दक्षिणेला मृग होतं. कोल्हापुरात ते जवळपास डोक्यावर येतं, इथे जेमतेम निम्म्या उंचीवर चढतं. मृग म्हटलं की आपल्याला पाऊस आठवतो, पेरणी आठवते. पण आजोबांनी अंगणातल्या बाजेवर झोपून मला ते दाखवलं होतं तेव्हा गोष्ट शिकारीची सांगितली होती. ते चार तारे म्हणजे हरणाचे चार खूर. मधले तीन, एका ओळीतले, तो बाण. बाणाच्या रेषेत खाली ये, सगळ्यांत तेजाळ दिसतोय तो व्याध. मी कित्येकदा ते बघितलं होतं, मुलांनाही दाखवलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा ध्यानात आलं की बाण हरणाच्या पोटात आहे. छातीत नाही. चार खुरांच्या बरोबर मधे, पोटात, आणि म्हणून ते हरीण पडत नाही, रोज रात्री आभाळभर चालतं.

सकाळी उजाडताच अण्णांच्या ओळखीच्या एक बाई आपला कुत्रा घेऊन आल्या. विस्कॉन्सिनमध्ये जखमी हरणाचा माग काढायला दोरीला बांधलेला कुत्रा चालतो. राठ केसांचा, आखूड पायांचा डाकशुंड होता. त्याने त्या आंबूस जागी नाक लावलं आणि दोरी ताणली. ती तीनदा बसली होती. प्रत्येक ठिकाणी तिच्या अंगाच्या आकाराचा बर्फ वितळून खाली सुकी पानं दिसत होती, आणि पानांवर काळपट ओल. पहिल्या दोन जागा पुन्हा गोठल्या होत्या. तिसऱ्या जागी, ओढ्याच्या काठावर, ती होती. मेलेली. पण मी तिची मान उचलली तेव्हा ती लवली, आणि पोटाखालचा बर्फ अजून पाणी होता.

म्हणजे मी दीड वाजता मृग बघत उभी होते तेव्हा ती जिवंत होती. कोयोटी ओरडत होते तेव्हा ती ऐकत होती. हे मी तेव्हापासून कितीदा मनात मोजलंय त्याला हिशेब नाही.

तिला साफ करताना आत सगळं हिरवं झालेलं. थंडीमुळे फरे आणि पाठीचं मांस वाचलं. ते मी टाकलं नाही, शिजवलं आणि खाल्लं, एकेक पुडकं, मार्चपर्यंत. अण्णांनी त्या दिवशी काही विचारलं नाही. त्यांनी नेहमीसारखी कॉफी ओतली आणि आम्ही दोघं खिडकीतून मक्याच्या कापलेल्या खुंटांकडे बघत बसलो. निघताना एवढंच म्हणाले, "मान खाली होती ना?" मी हो म्हटलं. "पुढच्या वर्षी ये," ते म्हणाले.

पुढच्या वर्षीपर्यंत मी कागदी ताटल्यांचा गठ्ठा संपवला. बाकावर पोतं ठेवून मारलेली गोळी मी धरत नाही. मचाणावर बसून, जाड जाकीट आणि हातमोजे घालून, आधी उतारावरून पळत वर येऊन, छाती धडधडत असताना मारलेली धरते. घरी रिकाम्या रायफलीने रोज रात्री दहा वेळा चाप दाबते आणि दहा वेळा अर्ध्यावर सोडून देते. हे सोडून देणं शिकायला मला जास्त दिवस लागले. अर्धा आलेला चाप पुरा करायचा बोटाला जणू ओढा असतो. हरीण चालत असेल तर तोंडाने हलकंसं 'म्यॅ' करते. ते थबकतं, कान वळवतं, तेवढे दोन-तीन क्षण मिळतात. नाही थबकलं तर नाही. गोळी आता तांब्याची वापरते. शिशाची गोळी आत फुटून बारीक कण मांसात लांबवर पसरतात, आणि ते मांस माझी मुलं खातात.

मावशी फोनवर विचारते, "अगं, पाप नाही वाटत?" तिला मी भारतातलं काही सांगायला जात नाही. तिथे १९७२च्या कायद्याने आणि १९९१च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली ते योग्यच झालं, आणि चितळाकडे बंदुकीतून बघायचं माझ्या मनातही येणार नाही. इथलं रान वेगळं आहे. इथे हरणं फार झाली की ओकची रोपंच वाढत नाहीत आणि हिवाळ्याच्या शेवटी उपासमारीने मरतात, गाडीखाली मरतात, रोगाने मरतात. २००२ साली याच भागात, माउंट होरेबजवळ, हरणांचा मेंदू झिजवणारा आजार, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, या राज्यात पहिल्यांदा सापडला. म्हणून मी मारलेल्या प्रत्येक हरणाच्या मानेतल्या गाठी तपासायला जातात आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये पडून असतं. हे सगळं खरं आहे. पण मावशीच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही, हेही मला माहीत आहे. वाटतं, मावशी. त्या मादीचं वाटतं. बाकीच्यांचं वेगळं काहीतरी वाटतं. त्याला पाप म्हणवत नाही, पण ते हलकंही नाही. साफ करताना मी हात आत घालून गोळीची वाट शोधते. अलीकडची बरगडी, फुप्फुस, दुसरं फुप्फुस, पलीकडची बरगडी. गरम असतं, वाफ येत असते. दोन्ही फुप्फुसांत बोट जाईल एवढी वाट सापडली की मग कुठे माझा श्वास खाली बसतो.

अण्णांनी दोन वर्षांपूर्वी बंदूक भिंतीवर ठेवली. डोळे गेले नाहीत, हात थरथरतात. "ताटलीत पडत नाही आता," एवढंच बोलले, आणि परवाना काढायचा थांबवला. हंगामात ते खिडकीपाशी बसून आवाज मोजतात.

गेल्या नोव्हेंबरात, हंगामाच्या तिसऱ्या संध्याकाळी, त्याच घळीच्या तोंडाशी एक तरणा नर आला. मान खाली. मी थांबले. त्याने ओकची फळं चघळली, दोन पावलं टाकली, पुन्हा मान खाली. मला त्याच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ दिसत होती. मग त्याने मान वर केली, अलीकडचा पाय पुढे ठेवला आणि टेकडीकडे बघत उभा राहिला. मागे मातीचा उतार होता.

घरात शिरले तेव्हा कांदा-लसूण मसाल्याचा डबा अण्णांच्या ओट्यावर मी सकाळी ठेवला होता तसाच होता. काळीज त्यांना माझ्या हातचं, तिखट लागतं. मी बूट काढायला वाकले.

"किती पळालं?"

"२६ पावलं."

"मोजलीस?"

"जाताना आणि येताना."